गुडघा बदलल्यावर सांधा सैल झालाय का, हे तपासणीत कसं कळतं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी रेडिओलॉजिस्ट आहे. गुडघा बदललेल्या माणसांचे एक्स-रे रोज माझ्या नजरेखालून जातात आणि रिपोर्ट घ्यायला आलेल्या नातेवाइकांचे प्रश्नही रोज ऐकतो. विचारणारे बहुतेक वेळा मुलगा, मुलगी किंवा सून. आई-बाबा बाहेर बाकावर पाय लांब करून बसलेले असतात. पुढची उत्तरं त्या सगळ्यांसाठी आहेत. तुमचा गुडघा हाताने तपासणारे सर्जनच शेवटी निर्णय घेतील, पण त्यांच्याशी बोलायला जाताना हे ठाऊक असलेलं बरं.

सांधा ‘सैल’ झाला म्हणजे नेमकं काय झालं?

आपल्याकडे सरसकट ‘वाटी बदलली’ म्हणतात, पण या ऑपरेशनमध्ये मुख्यतः हाडांची झिजलेली टोकं बदलतात. मांडीच्या हाडाच्या खालच्या टोकावर धातूची टोपी बसते, नडगीच्या हाडावर धातूचा सपाट ट्रे बसतो आणि दोन्हींच्या मध्ये पॉलिइथिलीन नावाच्या चिवट प्लास्टिकचा तुकडा. खऱ्या वाटीच्या आतल्या अंगाला प्लास्टिकची चकती काही सर्जन बसवतात, काही नाही. बहुतेक ऑपरेशनांत हे भाग बोन सिमेंटने हाडाला पक्के केलेले असतात.

घरातली फरशी आठवा. वरून ती धड दिसते, तडा नाही, काही नाही, पण एका ठिकाणी पाय पडला की पोकळ वाजते, कारण खालचं सिमेंट सुटलेलं असतं. गुडघ्यात तसंच होतं. धातूचा भाग सहसा तुटत नाही. सिमेंट आणि हाड यांच्यामधली किंवा धातू आणि सिमेंट यांच्यामधली पकड सुटते, आणि प्रत्येक पावलाला तो भाग हाडावर किंचित हलू लागतो. मांडीच्या बाजूच्या टोपीपेक्षा नडगीवरचा ट्रे सैल होण्याचं प्रमाण जास्त आहे.

सगळ्यांचाच सांधा कधी ना कधी सैल होतो का?

नाही. २०१९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात ऑस्ट्रेलिया आणि फिनलंडच्या सांधेरोपण नोंदवह्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यानुसार पूर्ण बदललेल्या गुडघ्यांपैकी सुमारे ८२ टक्के गुडघे २५ वर्षं टिकतात, आणि अर्धा गुडघा (म्हणजे झिजलेली एकच बाजू) बदललेल्यांत हेच प्रमाण सुमारे ७० टक्के आहे. माझ्याकडे दुखणारे गुडघे येतात म्हणून मलाच कधी कधी वाटतं की सगळ्यांचेच दुखतात. तसं नाही. बहुतेक लोक ऑपरेशननंतर देवळाच्या पायऱ्या चढतात आणि एक्स-रे विभागाची वाटही विसरून जातात.

मग ज्यांचा होतो, त्यांचा का होतो?

कारणं अनेक. प्लास्टिकच्या तुकड्याची वर्षानुवर्षं झीज होते. झिजलेले सूक्ष्म कण शरीराच्या पेशी गिळतात, चवताळतात आणि हाड खाणाऱ्या पेशींना जागं करतात. त्यातून इम्प्लांटच्या, म्हणजे बसवलेल्या भागांच्या, कडेचं हाड विरतं. त्याला ऑस्टिओलायसिस म्हणतात. अलीकडचं प्लास्टिक आधीपेक्षा बरंच टिकाऊ आहे, त्यामुळे हे प्रमाण घटलं आहे. पाय सरळ रेषेत न बसणं आणि त्यामुळे सगळा भार आतल्या बाजूला येणं, फार वजन, ठिसूळ हाड, सिमेंटची पकड सुरुवातीलाच कच्ची राहणं, ही बाकीची कारणं. या सगळ्यांपासून वेगळं काढायचं कारण म्हणजे जंतुसंसर्ग. त्यावर पुढे सविस्तर लिहिलं आहे, कारण तो वेगळा काढला नाही तर पुढचं सगळं चुकतं.

कोणत्या दुखण्यावरून संशय घ्यायचा?

ऑपरेशननंतर काही महिने किंवा वर्षं गुडघा चांगला होता आणि मग नव्याने दुखू लागला, तर लक्ष द्या. खुर्चीतून उठताना, पहिली चार-पाच पावलं टाकताना कळ येते आणि थोडं चालल्यावर ती कमी होते, हे सैल सांध्याचं नेहमीचं लक्षण. भार दिला की दुखतं, पलंगावर पडलं की थांबतं. पाय हळूहळू पुन्हा वाकडा दिसू लागला, तर तेही सर्जनला सांगा.

रात्री झोपेतही ठणका, ताप, गुडघ्यावर लाली, जखमेतून पाणी, किंवा ऑपरेशननंतर एकही दिवस न थांबलेलं दुखणं, हे संसर्गाकडे बोट दाखवतं. त्यासाठी थांबू नका. टाक्यांच्या बाहेरच्या बाजूची बधिर कातडी आणि पहिले काही महिने गुडघा थोडा कोमट लागणं, याने मात्र घाबरायचं कारण नाही.

आणखी एक. खुब्याचं आणि कमरेचं दुखणं गुडघ्यात उतरतं. मांडीच्या पुढच्या भागातून गुडघ्यापर्यंत येणारी कळ खुब्याच्या झिजेची निघाल्याचं मी अनेकदा पाहिलं आहे. तेव्हा सर्जननी गुडघ्याबरोबर खुब्याचाही एक्स-रे लिहून दिला, तर तो फुकटचा वाढवलेला खर्च समजू नका.

पहिली तपासणी कोणती?

साधा एक्स-रे. आजही. तोही उभं राहून, पायावर भार देऊन काढलेला. झोपून काढलेल्या एक्स-रेत भार नसतो, त्यामुळे प्लास्टिक किती झिजलं आणि पाय किती वाकला, ते दिसत नाही. समोरून एक, बाजूने एक आणि वाटीसाठी गुडघा वाकवून वरून काढलेला एक, असे तीन लागतात. पाय रेषेत आहे का हे बघायला खुब्यापासून घोट्यापर्यंतचा लांब एक्स-रे सांगितला जातो.

यातली एक बारीक गोष्ट मला मनापासून सांगायची आहे, कारण तिच्यावर सगळं अवलंबून असतं आणि तिच्याकडे दुर्लक्ष होतं. ट्रे आणि हाड यांच्यातली फट एक-दोन मिलिमीटरची. क्ष-किरण त्या फटीला अगदी समांतर गेला तरच ती फिल्मवर काळी रेघ म्हणून उमटते. किरण तीन-चार अंश तिरपा गेला, की धातूची सावली रेघेवर पडते आणि फट ‘नाहीशी’ होते. बरं, ट्रे बसवतानाच तो अनेकदा मागच्या बाजूला काही अंश उतरता बसवलेला असतो, म्हणजे किरणही तेवढाच झुकवावा लागतो. आमचे जुने टेक्निशियन पहिली फिल्म बघून आधी ट्रेची कड तपासतात. कड एकच सरळ रेघ दिसली तर फिल्म बरोबर. ट्रे लंबगोल, ताटलीसारखा दिसला, तर ते काही न बोलता पेशंटला पुन्हा उभं करतात. अशा वेळी ‘परत का काढता?’ म्हणून चिडू नका. तो माणूस तुमच्यासाठी कष्ट घेतोय. काही ठिकाणी पडद्यावर गुडघा चालू-चालू बघत, कोन जुळवून मग एक्स-रे काढतात. संशय असेल तेव्हा ही पद्धत फार उपयोगी पडते.

एक्स-रेत दोन धातूंच्या मध्ये मोठी काळी जागा दिसते. तिथलं काही निघून गेलंय का?

काही गेलेलं नाही. तिथे प्लास्टिक आहे. ते एक्स-रेत दिसत नाही, म्हणून जागा रिकामी वाटते. सिमेंट दिसतं, कारण त्यात मुद्दाम बेरियम सल्फेट किंवा झिर्कोनियम डायऑक्साइड मिसळलेलं असतं. त्या काळ्या जागेची उंची आतून आणि बाहेरून सारखी हवी. उभ्या एक्स-रेत एका बाजूला ती कमी होत चालली, तर त्या बाजूचं प्लास्टिक झिजतंय असं समजायचं.

रिपोर्टमध्ये ‘रेडिओल्युसेंट लाइन’ लिहिलंय. म्हणजे सांधा सैल झाला का?

हा मला सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न. रिपोर्ट हातात पडताच मुलं मोबाइलवर शोधतात आणि रात्रभर घरात कोणी झोपत नाही. म्हणून सावकाश सांगतो.

रेडिओल्युसेंट लाइन म्हणजे सिमेंट किंवा धातूच्या कडेला दिसणारी काळी रेघ. ती दिसली एवढ्यावरून सांधा सैल ठरत नाही. रेघ २ मिलिमीटरपेक्षा बारीक असेल, एखाद्याच भागात असेल, तिच्या हाडाकडच्या बाजूला पांढरी रेखीव किनार असेल आणि वर्षानुवर्षं ती तेवढीच राहिली असेल, तर बहुधा ती निरुपद्रवी असते. ऑपरेशननंतरच्या अगदी पहिल्या एक्स-रेतच ती दिसत असेल, तर तिथे सिमेंट हाडात नीट शिरलं नव्हतं एवढाच अर्थ. अशा रेघा घेऊन लोक पंधरा-पंधरा वर्षं मजेत चालतात.

काळजीची रेघ वेगळी. ती २ मिलिमीटरच्या वर जाते, एका वर्षी आतल्या कोपऱ्यात असते, पुढच्या वेळी ट्रेच्या खालून पार पलीकडे पोचते आणि ट्रेखालच्या, हाडात रुतलेल्या मधल्या खुंटीभोवतीही उतरते. कड रेखीव नसते, पुसट होते.

काही खुणा मात्र शंकेला जागाच ठेवत नाहीत. ट्रे एका बाजूला कलला किंवा हाडात खचला, टोपीचा कोन आधीच्या फिल्मपेक्षा बदलला, सिमेंटला तडा गेला, तर सांधा सैल आहेच.

रेघ कुठे आहे हे सांगण्यासाठी हाड आणि इम्प्लांट यांच्यातल्या सीमेचे ठरावीक विभाग पाडलेले आहेत. अमेरिकेतल्या ‘नी सोसायटी’ या गुडघ्याच्या सर्जनांच्या संघटनेची ही पद्धत १९८९ साली प्रसिद्ध झाली, पुढे तिच्यात सुधारणा झाल्या. चांगल्या रिपोर्टमध्ये कोणत्या विभागात किती मिलिमीटरची रेघ आणि आधीच्या तुलनेत काय, हे लिहिलेलं असतं. नुसतं ‘रेघ दिसते’ असं लिहिलेल्या रिपोर्टने तुमची झोप उडते, सर्जनच्या हाती मात्र काही लागत नाही. रिपोर्ट लिहिणाऱ्याला हे विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

तुम्ही सगळे जुने एक्स-रे का मागता? आम्ही तर ते टाकून दिले.

कारण एकटी फिल्म म्हणजे एका क्षणाचा फोटो, आणि सैल होणं ही वर्षानुवर्षं चालणारी हालचाल. हालचाल एका फोटोत कशी दिसणार?

एक आजी सुनेबरोबर आल्या होत्या. सहा वर्षांपूर्वीचं ऑपरेशन, वर्षभर दुखत होतं, हातात तीन रिपोर्ट, तीन वेगवेगळ्या ठिकाणचे, आणि तिन्हींचा सूर एकच: ‘इम्प्लांट जागेवर आहे’. मी जुन्या फिल्म मागितल्या. सून दुसऱ्या दिवशी त्या घेऊन आली. आजींनी त्या ट्रंकेत लग्नातल्या शालूखाली, सपाट, जुन्या कॅलेंडरच्या पानात गुंडाळून ठेवल्या होत्या. चारही फिल्म मी उजेडाच्या पेटीवर एका ओळीत लावल्या. एकेक वेगळी बघितली तर खरंच काही विशेष वाटत नव्हतं. ओळीने बघितल्यावर सुनेनेच बोट ठेवलं, “डॉक्टर, हा खालचा पत्रा दर वेळी आत झुकतोय.” आतल्या बाजूची रेघ पहिल्या फिल्ममध्ये नव्हती, दुसरीत केसाएवढी, चौथीत सहज मोजता येईल एवढी. वेगळ्या मशीनवर आकार कमी-जास्त मोठा दिसतो, म्हणून आम्ही ट्रेची खरी रुंदी मोजपट्टी म्हणून वापरली. तिन्ही रिपोर्ट लिहिणाऱ्यांना मी दोष देत नाही. त्यांच्यापुढे तुलनेला काहीच नव्हतं.

याच्या उलटही घडतं. एका गृहस्थांच्या फिल्म घरात पसारा नको म्हणून रद्दीत गेल्या होत्या, आणि ज्या रुग्णालयात ऑपरेशन झालं तिथे इतकी जुनी नोंद ठेवलेलीच नव्हती. त्यांच्या ट्रेखालची रेघ जुनी की नवी हे कळायला आम्हाला आणखी सहा महिने थांबून दुसरा एक्स-रे काढावा लागला. सहा महिने तो माणूस काठी घेऊन, गोळ्या खात चालला. मला ते अजून टोचतं.

तेव्हा ऑपरेशननंतरचा पहिला उभा एक्स-रे हा घराच्या खरेदीखताइतका जपायचा कागद आहे. फिल्म घडी घालू नका, उन्हात ठेवू नका.

एक्स-रे नॉर्मल आहे, तरी दुखतंय. डॉक्टर आमचं ऐकत नाहीत का?

दुखणं खरं आहे आणि एक्स-रेही खरा असू शकतो. सुरुवातीचं सैलपण एक्स-रेत लपतं. मांडीच्या टोपीमागचं हाड तर धातूच्या सावलीत पूर्ण झाकलं जातं. म्हणूनच पुढच्या तपासण्या आहेत. पण त्यांच्याआधी रक्ताची तपासणी, खुबा आणि पाठ, आजूबाजूचे स्नायू-बंध हे सगळं बघायचं असतं. कारण सापडण्याआधी ‘एकदा उघडून बघू’ म्हणून केलेल्या दुसऱ्या ऑपरेशनचे निकाल चांगले नसतात. कोणी तशी घाई करत असेल तर दुसऱ्या सर्जनचं मत जरूर घ्या.

सीटी स्कॅनने काय जास्त कळतं?

दोन गोष्टी. इम्प्लांटच्या कडेचं हाड किती विरलंय ते. एक्स-रे ही पोकळी नेहमी कमी दाखवतो. आणि दोन्ही भाग कोणत्या कोनात फिरवून बसले आहेत ते. टोपी किंवा ट्रे आतल्या बाजूला जास्त फिरलेला असेल, तर वाटी नीट सरकत नाही आणि गुडघा दुखतो. हा दोष एक्स-रेत दिसतच नाही.

धातूमुळे सीटीच्या चित्रात पांढऱ्या-काळ्या चिरा पडतात. त्या कमी करणाऱ्या पद्धती आताच्या मशीनमध्ये आहेत, पण त्या मुद्दाम वापराव्या लागतात. नाव नोंदवतानाच ‘गुडघ्यात इम्प्लांट आहे’ असं सांगा.

अलीकडे एका नव्या दिशेने संशोधन चाललं आहे: गुडघा एका चौकटीत धरून आधी एका बाजूला, मग दुसऱ्या बाजूला ताण द्यायचा, दोन्ही वेळा सीटी काढायचा आणि इम्प्लांट हाडाच्या तुलनेत हललं का ते संगणकावर मोजायचं. हलणाऱ्या दाताला बोटाने हलवून बघावं, तसं. मला ही कल्पना फार सरळ आणि पटणारी वाटते. आपल्याकडे नेहमीच्या वापरात ती अजून आलेली नाही.

गुडघ्यात धातू असताना एमआरआय चालतो का?

चालतो. गुडघ्याचे इम्प्लांट कोबाल्ट-क्रोमियम, टायटॅनियम अशा धातूंचे असतात. चुंबक ते ओढून नेत नाही. पेसमेकर किंवा मेंदूतली क्लिप असेल तर ती वेगळी गोष्ट, ते आधी सांगायलाच हवं. अडचण चित्राची असते. धातूच्या आसपास चित्र विस्कटतं, कोबाल्ट-क्रोमियमने जास्त, टायटॅनियमने कमी. धातूचा परिणाम आवरणाऱ्या खास पद्धती असलेल्या सेंटरमध्येच हा एमआरआय करावा. तीन टेस्लाच्या (टेस्ला हे चुंबकाच्या ताकदीचं माप) मशीनपेक्षा दीड टेस्लाचं मशीन इथे बरं, कारण ते धातूने कमी विस्कटतं. साध्या पद्धतीने काढलेला गुडघ्याचा एमआरआय म्हणजे मधोमध काळा डाग, आणि पैसे गेले.

बोन स्कॅन म्हणजे काय? तो केव्हा करायचा?

हाताच्या शिरेतून टेक्नेशियम ९९एम हा किरणोत्सारी पदार्थ जोडलेलं औषध देतात. जिथे हाडाची उलथापालथ चालू असते तिथे ते जास्त जमतं. दोन-चार तासांनी कॅमेऱ्याखाली झोपवतात आणि ती जागा उजळ दिसते. मधल्या वेळात भरपूर पाणी प्यायचं. टेक्नेशियमचा जोर दर सहा तासांनी निम्मा होतो, त्यामुळे भीतीचं कारण नाही; मात्र गरोदर किंवा अंगावर पाजणाऱ्या बाईने आधी सांगावं.

याचा खरा उपयोग नकारासाठी आहे. बोन स्कॅन पूर्ण शांत आला, तर सांधा सैल असण्याची शक्यता फारच कमी. उजळ आला, तर मात्र लगेच निष्कर्ष काढता येत नाही. ऑपरेशननंतर हाड स्वतःला सावरत असतं, आणि वर्ष उलटल्यावरही अनेक बिनदुखीचे गुडघे, विशेषतः ट्रेच्या आसपास, उजळ दिसतात. म्हणून पहिल्या वर्षभरात केलेला बोन स्कॅन बहुधा गोंधळच वाढवतो. उजळलेली जागा नेमकी कुठली हे कळण्यासाठी आता स्पेक्ट-सीटी करतात, म्हणजे बोन स्कॅन आणि सीटी एकावर एक. उजेड ट्रेखाली आहे की वाटीमागे, हे त्यात स्पष्ट होतं. ही सोय न्यूक्लिअर मेडिसिन विभाग असलेल्या ठिकाणीच असते, आपल्याकडे मुख्यतः मोठ्या शहरांत.

सोनोग्राफीने कळेल का?

सैलपणा नाही. ध्वनिलहरी धातूपलीकडे जात नाहीत. गुडघ्यात पाणी किती, वाटीवरचा स्नायूबंध शाबूत आहे का, हे कळतं, आणि सुई योग्य जागी नेऊन पाणी काढायला तिची मदत होते.

जंतुसंसर्ग झालाय की नुसता सैल झालाय, हे स्कॅनवर दिसतं का?

खात्रीने नाही, आणि हे मी ठासून सांगतो. पहिल्यांदा बदललेल्या गुडघ्यांपैकी शंभरात साधारण एक-दोघांना संसर्ग होतो. हळू चालणारा संसर्ग एक्स-रेत हुबेहूब साध्या सैल सांध्यासारखा दिसतो. ना ताप, ना लाली. पण उपचार पूर्ण वेगळे. संसर्ग असताना नुसता नवा सांधा बसवला, तर तोही जातो.

म्हणून सैलपणाचा संशय आला की ईएसआर आणि सीआरपी या शरीरातला दाह दाखवणाऱ्या रक्ततपासण्या, आणि गरज पडली की गुडघ्यातलं पाणी सुईने काढून तपासणं. जुनाट संसर्गात त्या पाण्याच्या एका मायक्रोलिटरमध्ये ३,००० हून जास्त पांढऱ्या पेशी किंवा त्यांत ८० टक्क्यांहून जास्त न्यूट्रोफिल (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) सापडले, तर ते संसर्गाच्या बाजूचं मोठं वजन मानतात. कल्चर, म्हणजे त्या पाण्यातले जंतू वाढवून बघणं, चौदा दिवसांपर्यंत ठेवावं लागतं, कारण काही जंतू फार सावकाश वाढतात. सांधे सुजवणारा संधिवात (रूमॅटॉइड) असलेल्यांचे ईएसआर, सीआरपी तसेही वाढलेले असतात. ते डॉक्टरांना सांगा. शंका उरली तर पांढऱ्या पेशींना खूण लावून करायचा स्कॅनही आहे.

इथे दोन चुका वारंवार होताना बघतो. पहिली, गुडघा सुजला म्हणून जवळच्या दवाखान्यातून अँटिबायोटिकच्या गोळ्या सुरू करणं. पाणी तपासण्याआधी गोळ्या गेल्या की जंतू दबतात आणि कल्चरमध्ये उगवत नाहीत. ते औषध बंद करून किमान दोन आठवडे थांबावं लागतं, म्हणजे तेवढे दिवस वाया. दुसरी, बदललेल्या गुडघ्यात स्टेरॉइडचं इंजेक्शन घेणं. कोणी कितीही ‘लगेच आराम पडेल’ म्हणालं तरी तुमच्या सर्जनला विचारल्याशिवाय त्या गुडघ्यात सुई टोचू देऊ नका. तब्येत ढासळली असेल, ताप भरला असेल, तर अर्थातच थांबायचं नाही, थेट रुग्णालयात जायचं.

सांधा सैल होणार हे आधीच ओळखता येतं का?

संशोधनात येतं. स्वीडनमधल्या लुंडचे योरान सेल्विक यांनी १९७४ साली एक पद्धत मांडली. ऑपरेशनच्या वेळी हाडात एक मिलिमीटरच्या आसपासचे टँटलम धातूचे मणी सोडायचे आणि नंतर दोन कोनांतून एकाच वेळी एक्स-रे काढून इम्प्लांट मण्यांपासून किती सरकलं ते मोजायचं. डोळ्याला कधीच न दिसणारी हालचाल यात कळते. १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या एका स्वीडिश अभ्यासात दिसलं की पहिल्या आणि दुसऱ्या वर्षाच्या दरम्यान ०.२ मिलिमीटरपेक्षा जास्त सरकत राहिलेले ट्रे पुढे सैल होण्याचा धोका मोठा. नवीन इम्प्लांट बाजारात येण्यापूर्वी पारखायला ही पद्धत अनमोल आहे. तुमच्या-आमच्या नेहमीच्या तपासणीत ती नसते, त्यामुळे पुन्हा गाडी जुन्या फिल्म ओळीने लावण्यावरच येते.

अर्धाच गुडघा बदललाय. नियम तेच का?

एक मोठा फरक आहे. अर्ध्या गुडघ्याच्या ट्रेखाली एखाद्या मिलिमीटरची, पांढऱ्या किनारीची रेघ फारच सर्रास दिसते आणि बहुतेक वेळा तिचा दुखण्याशी संबंध नसतो. त्या रेघेपायी चांगला चाललेला अर्धा गुडघा काढून पूर्ण बदलल्याची उदाहरणं आहेत. रिपोर्ट वाचणाऱ्याला ‘अर्धा आहे’ हे आवर्जून सांगा.

मांडी घालून बसल्याने सांधा सैल होतो का?

जेवायला पाटावर, पूजेला चौरंगासमोर, शेतात उकिडवं, असं आपलं आयुष्य. त्यामुळे हा प्रश्न विचारताना लोकांचा आवाज जरा पडतो. २००७ साली कोरियातल्या सर्जननी जास्त वाकेल असा बनवलेल्या एका प्रकारच्या कृत्रिम गुडघ्याबद्दल लिहिलं: सरासरी पावणेतीन वर्षांत ३८ टक्के गुडघ्यांत मांडीच्या हाडावरची टोपी सैल झाली होती, आणि उकिडवं, गुडघ्यांवर किंवा मांडी घालून बसणाऱ्यांत ते जास्त होतं. नंतरच्या इतर अभ्यासांत एवढं मोठं प्रमाण दिसलं नाही. तरी भार देऊन खोल वाकण्याने टोपीवर ओढ पडते हे खरं. कधीमधी पलंगावर मांडी घालणं आणि दिवसातून दहा वेळा जमिनीवरून उठणं यांत फरक आहे. तुमच्या गुडघ्याची रचना बघून सर्जन जे सांगतील ते पाळा, आणि रोज खोल वाकत असाल तर ठरलेला एक्स-रे चुकवू नका.

काहीच त्रास नाही. तरी एक्स-रे काढायचा?

हो, अधूनमधून. हाड विरणं बराच काळ मुकाट चालतं; दुखू लागेपर्यंत मोठी पोकळी झालेली असू शकते, आणि मग दुसरं ऑपरेशन अवघड होतं. पहिल्या वर्षात दोनेकदा आणि पुढे काही वर्षांच्या अंतराने, असा साधारण प्रघात आहे. नेमकं वेळापत्रक सर्जन ठरवतात. शक्यतो एकाच ठिकाणी काढा, म्हणजे तुलना सोपी जाते.

एवढ्या एक्स-रेंनी किरणांचा त्रास होणार नाही का?

गुडघ्याच्या एका एक्स-रेत मिळणारे किरण निसर्गातून एका दिवसात आपोआप अंगावर पडणाऱ्या किरणांपेक्षा सहसा कमीच असतात. बोन स्कॅनमध्ये साधारण ३ ते ५ मिलिसिव्हर्ट (हे किरणांचं माप), म्हणजे निसर्गातून एक-दोन वर्षांत मिळतात तेवढे. म्हणून तो उगाच करायचा नाही, पण गरज असताना टाळायचाही नाही.

सैल असल्याचं नक्की झालं, तर लगेच ऑपरेशन?

संसर्ग नसेल तर सहसा आठवड्याभराची घाई नसते. पण वर्षानुवर्षं ढकलणंही महागात पडतं, कारण हलणारा ट्रे रोज थोडं थोडं हाड खातो. दुसऱ्या ऑपरेशनला रिव्हिजन म्हणतात. त्यात लांब खुंटीचे भाग आणि गेलेल्या हाडाच्या जागी धातूचे तुकडे लागू शकतात. त्याच्या तयारीसाठीच सीटी काढतात. हे काम नेहमी करणाऱ्या सर्जनकडेच जा.

तपासणीला जाताना काय न्यायचं?

सगळ्या जुन्या फिल्म आणि सीडी, तारखेनुसार लावून. डिस्चार्ज कार्ड. आणि इम्प्लांटचे स्टिकर: कंपनी, आकार आणि बॅच नंबर छापलेले ते छोटे चिकट कागद, जे ऑपरेशनच्या फाइलमध्ये लावलेले असतात. फाइल रुग्णालयात राहिली असेल तर त्या पानाची झेरॉक्स मागून घ्या. रिव्हिजनच्या वेळी नेमकं कोणतं इम्प्लांट काढायचं आणि त्यासाठी कोणती अवजारं मागवायची, हे त्यावरून ठरतं.

फिल्मचा मोबाइलवर फोटो पाठवला तर चालेल?

ट्यूबलाइटपुढे हातात धरून, थोडा तिरपा काढलेला फोटो आला की एक मिलिमीटरची रेघ त्यात बुडून जाते, आणि व्हॉट्सअॅप तो आणखी दाबतं. सेंटरमधून मूळ डिजिटल फाइल मागा. सीडीवर, पेन ड्राइव्हवर किंवा लिंकने देतात. परगावी सर्जनना तीच पाठवा. फिल्मच असेल आणि दुसरा इलाज नसेल, तर ती खिडकीच्या काचेला सपाट चिकटवा, दिवसाच्या उजेडात मोबाइल अगदी समोर धरा, नाव आणि तारखेचा कोपरा फोटोत येऊ द्या, आणि फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा.